हँड व्हेन टेस्टरने मातीची शिअर स्ट्रेंथ मोजली: माझा अनुभव

पायाचा खड्डा खणून झालेला, तळाला ओली राखाडी चिकणमाती लागली, आणि लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत खड्डा उघडा ठेवणं बरोबर नव्हतं, म्हणून जागेवरच हँड व्हेनने शिअर स्ट्रेंथ, म्हणजे माती घसरून तुटायला किती विरोध करते ते मोजायचं ठरलं.

यंत्र साधंच. रॉडच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखी चार पाती, वर स्प्रिंगची मूठ आणि डायल. माझ्या सेटमध्ये १६, २० आणि २५.४ मिमी रुंदीची पाती होती, उंची प्रत्येकाची रुंदीच्या दुप्पट. डायल २० मिमीच्या पात्यावर ताकद सरळ किलोपास्कलमध्ये दाखवते, बारीक पातं लावलं तर रीडिंग दुप्पट करायचं, मोठं लावलं तर निम्मं, कारण लागणारा टॉर्क (पिळण्याचा जोर) रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मऊ मातीला मोठं पातं. कुठलं पातं लावलंय ते आधी लिहायचं आणि मगच हात लावायचा, हे मी फार कडकपणे पाळते.

खरं कौशल्य पातं आत घालण्यात आहे. वरचा तुडवलेला, सुकलेला थर खरवडून काढला, मग रॉड सरळ उभा धरून न फिरवता न हलवता दाबला, पात्याचा वरचा काठसुद्धा चांगला सातआठ सेंटिमीटर खाली जाईपर्यंत. जरा डुगडुगलं तरी मोजायच्या आधीच माती कापली जाते! काटा शून्यावर आणला आणि मूठ घड्याळाच्या सेकंदकाट्याच्या वेगाने फिरवायला घेतली, त्याहून घाई केली की आकडा उगाच जास्त येतो. आधी हाताला ताण लागतो, वाढत जातो, आणि एका क्षणी माती सुटते, मूठ एकदम हलकी होते, काटा मात्र तिथेच थांबतो. ४२ आले. स्प्रिंग झटक्यात सोडायची नाही, हळूच मागे आणायची.

बरेच लोक इथेच थांबतात आणि मला ते अजिबात पटत नाही. पातं न काढता २५ पूर्ण फेरे दिले, काटा पुन्हा शून्यावर, पुन्हा सावकाश फिरवलं, तर १४. म्हणजे सेन्सिटिव्हिटी (न ढवळलेल्या आणि ढवळलेल्या मातीच्या ताकदीचं गुणोत्तर) ३, ढवळली की ही माती एक तृतीयांश ताकदीवर येते, आणि आमची माणसं तर बूट घालून त्याच तळावर ये-जा करत होती. ताबडतोब फळ्या टाकायला लावल्या आणि राहिलेले पॉइंट संपले की लगेच पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) ओता म्हणून सांगितलं.

एका पॉइंटला ९० च्या वर आकडा गेला पण फिरवताना करकर जाणवत होती, बाहेर काढलं तर पात्याला खडा अडकलेला, ते रीडिंग शेरा लिहून सरासरीतून वगळलं. एका कोपऱ्यात वाळूचा पट्टा होता तिथे व्हेन लावलंच नाही, वाळूतून पाणी लगेच निघून जातं, ही टेस्ट पाणी अडकून राहणाऱ्या चिकणमातीचीच.

डिझायनरला आकडे कच्चेच पाठवले, खोली, पात्याचा साइज, पीक (पहिला, न ढवळलेल्या मातीचा) आणि रिमोल्डेड (ढवळल्यानंतरचा) असे, आणि सोबत प्लास्टिसिटी इंडेक्ससाठी (माती किती प्लास्टिक, म्हणजे लवचीक आहे त्याचा आकडा) त्याच खोलीचं सँपल, कारण जास्त प्लास्टिक मातीत व्हेन ताकद जास्त दाखवतं आणि बेरुम या मातीतज्ज्ञाचं १९७२ चं करेक्शन लावून ती कमी करावी लागते, ते त्यांनी लावायचं.