तुम्ही विचारलंत म्हणून: हॉलंडात म्युझियम एकच बघायचं तर कुठलं?

मार्च उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न निरनिराळ्या नात्यांतून यायला लागतो. पुण्याची मावसबहीण, नवऱ्याचे कॉलेजातले मित्र, शेजारच्या काकूंचा भाचा. "युरोप टूरला येतोय. तुमच्याकडे दोन दिवस आहेत. एक दिवस ट्युलिप. दुसऱ्या दिवशी म्युझियम एकच बघायचं तर कुठलं?" मी राहते ॲम्स्टेलफेनला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या अगदी कुशीत, त्यामुळे मला हे माहीत असणारच असं सगळे धरून चालतात.

माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण ते म्युझियम ॲमस्टरडॅममध्ये नाहीच. मी सांगते, सकाळी ट्रेन पकडा, तासाभरात द हेगला उतरा आणि मॉरित्सहाउस बघा.

"पण ते मोठं म्युझियम? तो मोठा फोटो असतो बघ सगळ्यांचा, 'आय ॲमस्टरडॅम' लिहिलेला?" ती अक्षरं राइक्सम्युझियमसमोरून २०१८ सालीच हलवली, हे सांगितलं की निम्मा उत्साह तिथेच मावळतो. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख.

इथली सतराव्या शतकातली चित्रं बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की बरंच काही आपोआप उलगडतं: त्यातली बरीचशी घरात लावायला काढलेली आहेत. प्रॉटेस्टंट पंथ आला, चर्चच्या भिंती पांढऱ्याफटक झाल्या, आणि देवादिकांची भलीमोठी चित्रं काढून घेणारं मोठं गिऱ्हाईक चित्रकारांच्या हातून गेलं. मग गिऱ्हाईक कोण? व्यापारी, वकील, दारू गाळणारे, पाववाले. डेल्फ्टचा चित्रकार व्हर्मीर १६७५ मध्ये वारला तेव्हा घरात मुलंबाळं आणि कर्ज. पावाची उधारी सहाशे गिल्डरच्या (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) वर गेलेली. त्याच्या बायकोने त्यापोटी बेकरीवाल्याकडे दोन चित्रं ठेवली. आज व्हर्मीरची म्हणून मानली जाणारी चित्रं जगात जेमतेम सदतीस, आणि त्यातली दोन एकेकाळी वाण्याच्या खातेवहीत जमा होती म्हणा ना.

तर ही चित्रं घराच्या मापाची. ती घरातच बघावीत. मॉरित्सहाउस हे खरोखरचं घर आहे, १६४४ च्या सुमारास बांधून झालेलं, तळ्याकाठी. दोन मजले, सोळा खोल्या. भिंतींना रेशमी कापड, जिना लाकडी, पायाखाली करकरणारी फळी. दीड तासात सगळं बघून होतं आणि पाय दुखत नाहीत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा मुद्दा कलेच्या इतिहासापेक्षा महत्त्वाचा आहे, हे मी अनुभवाने सांगते.

आत शिरताना घर कोणाचं तेही जाणून घ्या. योहान मॉरित्स हा ब्राझीलमधल्या डच वसाहतीचा गव्हर्नर. तिथली साखर, उसाच्या मळ्यांत राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम, आणि त्या पैशावर उभं राहिलेलं हे देखणं घर. लोक तेव्हाच कुचेष्टेने त्याला 'साखरेचं घर' म्हणत. म्युझियम आता हे स्वतःच सांगतं.

माझे सासरे सांगलीकडचे, साखरेशी त्यांचंही नातं आहे, पण ऊस पिकवण्यापुरतं. त्यांना मी तिथे घेऊन गेले ती थोडी भीतभीतच. व्हर्मीरच्या मोत्याच्या कुडीवाल्या मुलीसमोर ते अर्धा मिनिट थांबले, "बरी हाय" म्हणाले आणि पुढे गेले. मग पॉलस पॉटरच्या 'बैला'समोर आले आणि तिथेच खिळले. (बैल कसला, वळूच तो. पण त्या चित्राचं नाव मराठीत सांगताना तोंडात बैलच येतं.) १६४७ चं चित्र, जवळजवळ साडेतीन मीटर रुंद, म्हणजे जनावर खऱ्या मापाचं. चित्रकाराचं वय तेव्हा बावीसच्या आत-बाहेर. अंगावरच्या माश्या, गाईच्या नाकावरचा ओलेपणा, खाली पडलेलं शेण, गवतात एक बेडूक, सगळं आहे. सासरे आधी जवळ गेले, मग लांब, मग बाजूला, बाजारात जनावर पारखतात तसे. शेवटी मला म्हणाले, "ह्यो एक न्हाई. दोन-तीन हाईत. फुडलं अंग येगळं, मागलं येगळं."

मी हसले. मग घरी येऊन वाचलं तर खरंच, पॉटरने निरनिराळ्या वयाच्या जनावरांची रेखाटनं करून त्यातून हा एक वळू जुळवला, असं अभ्यासक सांगतात. फ्रेंचांनी १७९५ मध्ये हे चित्र लुटून पॅरिसला नेलं होतं, वॉटर्लूला नेपोलियन हरल्यावर परत आलं. सासऱ्यांना ते सांगितलं तर म्हणाले, "न्हेनारच की."

ती मुलगी मात्र तुम्ही अर्ध्या मिनिटात उरकू नका. गर्दी असते, सगळे तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत असतात. थोडं थांबा, पहिली रांग हलते. मग कानाकडे बघा. तो मोती म्हणजे वर एक पांढरा ठिपका, खाली कॉलरचं पडलेलं पुसटसं प्रतिबिंब, बस्स. मोत्याला कडा नाही, तो कानात अडकवायला आकडाही रंगवलेला नाही. मोती आपला आपणच पूर्ण करतो. डोक्याच्या फडक्याचा निळा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा. १८८१ मध्ये हे चित्र लिलावात दोन गिल्डर आणि वर तीस सेंटला गेलं, इतकं ते काळवंडलेलं होतं. आणि ती कोणी ओळखीची बाई नसावी. डच लोक अशा चेहऱ्यांच्या चित्रांना 'ट्रोनी' म्हणतात. माणूस कोण हे महत्त्वाचं नाही, मुद्रा महत्त्वाची.

तिथेच एक अगदी लहान चित्र आहे, वहीच्या पानाहून थोडं मोठं. कारेल फाब्रिट्सियसचा पक्षी, साखळीने पाय बांधलेला. १६५४ सालचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेल्फ्टमधलं दारूगोळ्याचं कोठार उडालं, शहराचा एक भाग जमीनदोस्त झाला, त्यात फाब्रिट्सियस गेला. वय बत्तीस. पक्षी राहिला.

डेल्फ्टवरून आठवलं. डेल्फ्ट जवळच आहे, गाव फार गोड आहे, जरूर जा, पण व्हर्मीर बघायला जाऊ नका. त्याच्या जन्मगावात त्याचं एकही मूळ चित्र नाही. आमच्या एका पाहुण्यांनी मला न विचारता तो बेत केला आणि दिवसभर छापील प्रती बघून आले.

आता ॲमस्टरडॅमचं ते मोठं राइक्सम्युझियम. जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण ऐंशी दालनं आणि आठ हजार वस्तू आहेत. सगळं बघायचं म्हणून गेलात तर संध्याकाळी तुम्हाला फक्त कॅफेतला ॲपल पाय आठवेल. इमारत १८८५ ची, कॉयपर्स या वास्तुकाराची. ॲमस्टरडॅमचं मुख्य स्टेशनही त्याचंच, त्यामुळे दोन्ही सख्ख्या बहिणी दिसतात. म्युझियमच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. दहा वर्षं नूतनीकरणासाठी बंद होतं तेव्हा तो रस्ता बंद करायचा घाट घातला होता. सायकलवाल्यांनी तो हाणून पाडला.

रेम्ब्राँचं 'नाइट वॉच' बघाल, ते चुकणार नाही, सगळे बाण तिकडेच जातात. एवढंच ध्यानात घ्या की ती रात्र नाही, दिवस आहे. जुन्या व्हार्निशने काळोख केला. आणि चित्र पूर्ण नाही. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवलं तेव्हा ठरवलेल्या जागेत बसेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. कापलेले तुकडे आजवर सापडलेले नाहीत. सोफा दारातून जाईना म्हणून त्याचे पाय कापावेत तसा हा प्रकार.

मला विचाराल तर तिथून थोडं बाजूला सरका आणि रेम्ब्राँचीच 'ज्यू वधू' गाठा. एक पुरुष, एक स्त्री, त्याचा हात तिच्या छातीवर, तिची बोटं हलकेच त्याच्या हातावर. त्याच्या बाहीकडे बघा. पिवळा रंग इतका जाड थापलाय की बाजूने पाहिलं तर डोंगर-दऱ्या दिसतात, आणि दालनातला उजेड खरोखर त्या उंचवट्यांवर पडतो. भरजरी शालूचा पदर घडी मोडून ठेवला की जर कशी जागोजागी चमकते, अगदी तशी. व्हॅन गॉग १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये, म्युझियम नुकतंच उघडलेलं असताना, या चित्रासमोर बसला तो उठेना. बरोबरच्या मित्राला म्हणाला, सुका पावाचा तुकडा देऊन मला दोन आठवडे इथे बसू दिलं तर आयुष्याची दहा वर्षं द्यायला तयार आहे.

दूध ओतणारी बाईही तिथेच आहे, व्हर्मीरची. माझ्या आईने तिच्याबद्दल जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा पटलं. "धार बघ किती बारीक धरलीय. शिळ्या पावावर दूध एकदम ओतलं की लगदा होतो." मागच्या पांढऱ्या भिंतीत एक खिळा आहे आणि काढलेल्या खिळ्यांची भोकं. ती व्हर्मीरने मन लावून रंगवलीत, पण त्याच भिंतीवरची भांडी अडकवायची फळी आधी रंगवून नंतर स्वतःच बुजवली, हे हल्लीच्या तपासणीत दिसलं.

आशियाई दालनात एक नटराज आहे, तामिळनाडूतला, बाराव्या शतकाच्या सुमाराचा, दीड मीटर उंच आणि आतून पूर्ण भरीव. माझ्या मावशीने तिथे बूट काढले. पहारेकरी बाई गोंधळून बघत राहिली. काय बोलणार बिचारी, नियमावलीत ते नसणार.

व्हॅन गॉग म्युझियमबद्दल फार सांगत नाही, तुम्ही जाणारच. तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच काढावं लागतं. दारात जाऊन मिळत नाही. एक नाव मात्र लक्षात ठेवा, यो व्हॅन गॉग-बोंगर. व्हिन्सेंट गेला, सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओ गेला, आणि थिओची ही अठ्ठावीस वर्षांची विधवा, कडेवर एक वर्षाचं मूल आणि घरभर कोणी न घेतलेली चित्रं घेऊन उरली. तिने पुढची पस्तीस वर्षं प्रदर्शनं भरवली, पत्रं छापली, चित्रं विचार करून विकली. बदामाच्या फुलांचं निळं चित्र तिच्याच मुलाच्या जन्माबद्दल काकाने पाठवलेलं. त्याच मुलाने मोठेपणी हा संग्रह जपला म्हणून म्युझियम झालं.

वेळ अर्धाच दिवस असेल तर हार्लेम. ॲमस्टरडॅमहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं. तिथलं फ्रान्स हाल्स म्युझियम पूर्वी म्हाताऱ्या पुरुषांचा आश्रम होता, आणि त्याच आश्रमाच्या कारभाऱ्यांची आणि कारभारणींची हाल्सने १६६४ मध्ये काढलेली दोन चित्रं तिथेच टांगलेली आहेत. हाल्स तेव्हा ऐंशीच्या पुढे, स्वतः कंगाल. त्याच वर्षी गावाने त्याला पेन्शन आणि शेकोटीसाठी जळण मंजूर केलं होतं. पाच बायका काळ्या कपड्यांत. दान देणाऱ्यांचे हात असे असतात: एक तळवा वर, एक मूठ पुस्तकावर. चेहऱ्यावर माया नाही, रागही नाही, हिशेब आहे. त्या काळ्या रंगाकडे नीट बघा. हाल्सकडे सत्तावीस प्रकारचे काळे आहेत, असं व्हॅन गॉगने भावाला लिहिलं होतं. मी मोजायला गेले, नऊवर थांबले.

ज्यांच्या हाताशी सबंध दिवस आहे आणि गुडघे शाबूत आहेत, त्यांना मी गुपचूप क्र्योलर-म्युलर म्युझियमला धाडते. ओटर्लो गावाजवळ, राष्ट्रीय उद्यानाच्या आत, जंगलात. हेलेने क्र्योलर-म्युलर या बाईने जमवलेली व्हॅन गॉगची जवळपास नव्वद चित्रं, १९३८ पासून सर्वांना खुली. रात्रीच्या कॅफेचं ते पिवळ्या उजेडाचं चित्र इथे आहे, आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळा तुम्ही एकटे असता. उद्यानाचं तिकीट वेगळं, म्युझियमचं वेगळं. फाटकाशी पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. हँडलला ब्रेक नाही; पायडल उलटं फिरवलं की थांबते. हे आधी सांगून ठेवते, कारण माझा नवरा उतारावर ब्रेक शोधत थेट हेदरच्या झुडपात गेला होता.

आणि सोमवारी जाऊ नका. सोमवारी म्युझियम बंद असतं. आम्ही एकदा गेलो, चूक आमचीच, वेळापत्रक न बघता सहा माणसांना दीड तास लांब घेऊन. मग सायकली काढल्या, वाळूच्या टेकड्यांपर्यंत गेलो, पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच बसून खाल्ली. सासऱ्यांना लांबवर हरणांचा कळप दिसला. ते म्हणाले, "हे मातुर एकाच जातीचे हाईत."