पावडर आणि पेन्सिल

भाची सगळी दुपार आरशासमोर. फाउंडेशन, ब्लश, भुवया, मरून लिपस्टिक, सगळं यथासांग. मग रिंगलाइट लावला, मोबाइल उघडला आणि पहिलं काम काय केलं, तर फिल्टर लावला. म्हटलं, "अगं, मग एवढं थापलंस कशाला?"

"मावशी, फिल्टर चेहरा गुळगुळीत करतो, पण रंग खातो. म्हणून ब्लश दुप्पट लावायचा. आणि लिपस्टिक खरीच हवी. फिल्टरची असली की तोंडापुढे हात नेताच हातावर उमटते."

पटलं बाई. मला मात्र एक खोड आहे. असल्या व्हिडिओत मी आधी गळा बघते. फिल्टर भुवया, नाक, हनुवटी बरोबर हुडकतो, पण बऱ्याचदा जबड्याशी येऊन थांबतो. वर विशी, खाली चाळिशी! आजी ओरडायची, "मानेला पण लाव गं पावडर, सोंग दिसतंय." ब्रिटनमध्ये २०२१ साली जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने बजावलं, की सौंदर्यप्रसाधनं विकताना त्यांचा गुण फुगवून दाखवणारा फिल्टर चालणार नाही. विकणाऱ्यांचं ठीक आहे. दाखवायच्या फोटोचं काय?

आत्याचा असा फोटो काढायला आम्ही स्टुडिओत गेलो होतो. तिला लहानपणी देवी आल्या होत्या. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. रोग गेला, पण त्याच्या खुणा गालावर घेऊन लग्नाला आलेल्या मुली होत्याच. आईने थरावर थर चढवले तरी खळगे बुजेनात. फोटोवाले काका निर्धास्त. "पावडर घामापुरती लावा वहिनी, बाकीचं माझ्याकडे."

ते बाकीचं मी पाहिलं. दुधी काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर सगळं उलटं. गालावरची काळी खूण तिथे पारदर्शक. तेवढीच जागा बारीक ठिपक्यांनी भरायची, की कागदावर गाल उजळतो. एकेक खूण, एकेक ठिपका. काका मधूनच शिसाला टोक काढायचे, फुंकर मारायचे, पुन्हा वाकायचे. मी हलायला तयार नव्हते.

फोटो हातात आल्यावर आत्या म्हणाली, "आणि बघायला येतील तेव्हा?"

"तेव्हा पावडर आहे की," आई म्हणाली.

बघायला आले, कोणी काही बोललं नाही, लग्न झालं. पण आत्या फार लवकर गेली, मुलं अगदी लहान असताना. फ्रेमला तोच फोटो लावला. परवा तिच्या मुलीने विचारलं, आईच्या चेहऱ्यावर खरंच व्रण होते का? होते, म्हटलं. कुठल्या गालावर जास्त, असं तिने विचारलं. ते काही मला सांगता येईना.