टीमक्स चालू केलं तरी जॉब मेलाच

सर्व्हरवर एक भलामोठा डेटाबेस डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली कॉपी) इम्पोर्ट करायचा होता, आठ-नऊ तास सहज लागणार होते. रात्री एसएसएच केलं (म्हणजे लॅपटॉपच्या टर्मिनलमधून सर्व्हरवर लॉगिन), कमांड मारली, लॅपटॉप उघडाच ठेवून झोपलो आणि सकाळी बघतो तर स्क्रीनवर 'ब्रोकन पाइप', म्हणजे कनेक्शन तुटल्याचा मेसेज, आणि इम्पोर्ट अर्धवट. लॅपटॉप मधेच स्लीपला गेलेला. कनेक्शन तुटलं की त्या टर्मिनलमधल्या प्रोसेसना सिगहप, म्हणजे 'टर्मिनल गेलं' असा सिग्नल जातो आणि बहुतेक प्रोग्रॅम तो मिळाला की गपगुमान बंद पडतात. सर्व्हर बिचारा रात्रभर जागाच होता.

मग टीमक्स टाकलं, म्हणजे टर्मिनलमधलं काम एका सेशनमध्ये ठेवणारं टूल, आपण बाहेर पडलो तरी ते सेशन चालूच राहतं. 'टीमक्स न्यू' म्हटलं, खाली हिरवी पट्टी आली, जाम भारी वाटलं, त्यातच एसएसएच करून परत इम्पोर्ट सुरू केलं आणि निवांत झोपलो. सकाळी पुन्हा तोच ब्रोकन पाइप! 😐 टीमक्सला दोन शिव्या घातल्या, मग पट्टीकडे लक्ष गेलं, उजव्या कोपऱ्यात वेळेच्या शेजारी चक्क माझ्याच लॅपटॉपचं नाव. म्हणजे टीमक्स चालत होतं लॅपटॉपवर आणि एसएसएच त्याच्या पोटात, मग लॅपटॉप झोपल्यावर वाचणार काय, कप्पाळ? आधी एसएसएच, मग सर्व्हरवर टीमक्स, एवढाच क्रम चुकला होता आणि त्यात आणखी एक रात्र गेली.

तिसऱ्यांदा नीट केलं. सर्व्हरवर जाऊन 'टीमक्स न्यू -एस इम्पोर्ट', म्हणजे इम्पोर्ट नावाचं सेशन, आत कमांड, मग सेशन चालू ठेवून बाहेर पडायला कंट्रोल आणि बी दाबून सोडायचं आणि नुसतं डी. हे सोडायचं कुणी सांगतच नाही, मी तिन्ही बटणं एकदम दाबत बसलेलो. 'डिटॅच्ड' असं आलं, लॅपटॉप मुद्दाम धाडकन बंद केला, सकाळी 'टीमक्स अटॅच -टी इम्पोर्ट' आणि काम जिथल्या तिथे, संपत आलेलं.

नोहप (सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड) वापरलं असतं तरी चाललं असतं म्हणा, पण मधेच एखाद्या स्क्रिप्टने हो का नाही विचारलं तर नोहपमध्ये उत्तर द्यायला जागाच नसते. 'स्क्रीन' नावाचं टीमक्ससारखंच टूल पण आहे, 1987 पासूनचं, टीमक्स 2007 चं, पण माझ्या बोटांना आता कंट्रोल-बीच बसलंय.

एक गोची मात्र झाली. सुरुवातीच्या वॉर्निंग बघायला कंट्रोल-बी आणि चौकटी कंस दाबून वर स्क्रोल केलं तर वरचं सगळं गायब, कारण टीमक्स मुळात 2000च ओळी जपून ठेवतं. ही मर्यादा, म्हणजे हिस्ट्री-लिमिट, वाढवता येतं, पण ते नवीन उघडलेल्या पेनलाच (टीमक्समधल्या एका टर्मिनलच्या चौकटीला) लागू होतं, चालू असलेल्याला नाही. त्यामुळे आता 'टी' नावाची कमांड लावून आउटपुट स्क्रीनसोबत फाइलमध्येपण घेतो. आणि सर्व्हरच रीबूट झाला तर टीमक्स पण जातं, तिथे काही इलाज नाही.

सध्या सेशनची यादी बघायला 'टीमक्स एलएस' मारलं की 0, 1, 4, 7 अशी बिननावाची सेशन दिसतात, कुठल्यात काय चालूय देव जाणे, म्हणून एकही बंद करायची हिंमत होत नाही.