आमची वाटचाल : दाजी, मी आणि शेठ लोकांच्या ऑफरी

आमच्या फर्मबद्दल विचारणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगतो की आम्ही ट्रान्सपोर्टर नंतर झालो, आधी डबल ड्रायव्हर होतो. एक्सप्रेसमध्ये, म्हणजे तातडीच्या मालाच्या वाहतुकीत, डबल ड्रायव्हर म्हणजे काय, हे चाकण-भोसरी-रांजणगावात कोणाला समजवावं लागत नाही. पण हल्ली ज्यांनी घोडबंदरला नो-एन्ट्री सुटायची वाट कधी बघितली नाही, ती पोरंसुद्धा स्क्रीनवर गाडीचा ठिपका बघून आम्हाला टीटी, म्हणजे माल पोचायला लागणारा वेळ, शिकवतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. आम्ही दोघं नारायणगावचा टोमॅटो वाशीला न्यायचो. मार्केट उघडायच्या आत गाडी लागली तर भाव, नाहीतर लाल चिखल. त्यामुळे घड्याळावर गाडी चालवायची सवय आधीपासून होती. २०१४-१५ च्या सुमाराला चाकणला एक्सप्रेसचा माल वाढत होता. हरियाणातल्या मानेसरला कारखान्याची लाइन थांबायला आली की इकडून चार क्रेट रबर पार्टसाठी अख्खी गाडी निघायची. साधी गाडी चौथ्या दिवशी पोचायची, तोच माल दोघांनी आळीपाळीने चालवून दीड-पावणेदोन दिवसांत टाकायचा. कायद्याने ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास, हे १९६१ पासून कागदावर आहे. मालकांना दोन माणसं हवी होती ती कायद्यासाठी नाही, घड्याळासाठी.

आणि जोडी मिळणं अवघड. एक चालवत असताना दुसऱ्याला खरोखर झोप लागली पाहिजे. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्यावर भरवसा नसेल, तर मागच्या फळीवर पडलेला माणूस प्रत्येक ब्रेकला डोळे उघडतो, आणि सकाळी दोघंही निकामी. आम्ही साला-मेहुणे असल्यामुळे भांडायचो खूप, पण झोपायचो गाढ. पहाटे दोन ते उजाडेपर्यंतची पाळी कायम दाजींची. ही गोष्ट गावात पसरली, आणि तळेगाव चौकातल्या चहाच्या टपरीवर शेठ लोक आमच्या बाकावर येऊन बसायला लागले.

दाजींनी नियम घातला की पहिल्या भेटीत कोणालाही हो किंवा नाही म्हणायचं नाही, सगळं डायरीत उतरवायचं. ती डायरी एका टायरवाल्याने दिवाळीत वाटलेली होती, लाल रेक्झिनची. दाजी सातवी शिकलेले, पण रकाने असे पाडायचे की आमच्या सीएने पुढे ते बघून मान डोलावली. दर सगळ्यात शेवटच्या रकान्यात. त्याच्या आधी काय काय? भाडं देतो कोण, कंपनी की ब्रोकर. गाडीवर हप्ता आहे का. परत येताना रिकामं आलं तर काय. खाली करायला गेटवर उभं राहिलो तर हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, कोणाचं. टोल आणि रस्त्यावरचा ‘खर्च’ कोणाच्या खिशातून. गाडी बिघडली तर भत्ता चालू की बंद. डिझेल कोणत्या ॲव्हरेजने धरणार.

काही ऑफरी वाचण्याआधीच बाद झाल्या. एकाने सरळ सांगितलं, "एकाला ड्रायव्हरचा पगार, दुसऱ्याला किन्नरचा." किन्नर म्हणजे क्लीनर. दाजींनी चहाचे पैसे दिले आणि उठले. दुसरा आमच्याच वयाचा, भला माणूस. एमआयडीसीत जमीन गेली, त्या पैशात नवी कोरी गाडी घेतलेली, कॅबिनमध्ये पंखा, टेप, मागे झोपायला चांगली रुंद फळी. भाड्यात टक्केवारी देत होता, तीही घसघशीत. पण माल कोण देणार विचारलं तर म्हणाला, "माल काय, मिळतोच." तो ब्रोकरच्या फोनवर अवलंबून होता. उभ्या गाडीच्या भाड्यातली टक्केवारी कितीही असली तरी शून्यच.

मग आला तो शेठ. नाव लिहीत नाही, आमच्या लाइनमधले ओळखतील. गाड्या भरपूर, कपाळाला गंध, बोलणं गोड. त्याचा दर सगळ्यात जास्त. दोघांना सारखा पगार, वर प्रत्येक ट्रिपला भत्ता, वेळेत पोचलं तर इनाम. माझं मन तिथेच गेलं होतं, खोटं कशाला बोलू. दाजींनी फक्त विचारलं, "सतरा फुटीला ॲव्हरेज किती धरता?" शेठ म्हणाला, "नऊ. त्याच्या वर जे लागेल ते तुमच्या पगारातून."

धंद्यातल्या माणसाला इथेच कळलं असेल. बाकीच्यांसाठी हिशेब मांडतो. सतरा फुटी म्हणजे सतरा फूट बॉडीची गाडी, नऊचं ॲव्हरेज म्हणजे लिटरला नऊ किलोमीटर. चाकण ते मानेसर साधारण साडेचौदाशे किलोमीटर. नऊने धरलं तर १६१ लिटर. एक्सप्रेसमध्ये पळवलेली भरलेली सतरा फुटी साडेसातच्या वर देत नव्हती, म्हणजे १९३ लिटर. फरक ३२ लिटरचा. तेव्हा डिझेल ५५ च्या आसपास होतं, म्हणजे एका बाजूला पावणेदोन हजार, जाऊन-येऊन साडेतीन हजार आमच्या खिशातून. त्यात भरूच. नर्मदेचा नवा पूल मार्च २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी तिथल्या रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकण्यात किती डिझेल जळायचं, ते त्या रांगेत थांबलेल्यालाच ठाऊक. इनाम मिळवायला पळवा, पळवलं की ॲव्हरेज पडतं, पडलं की कापा. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत घ्यायची पक्की सोय होती ती.

आणि शेवटची अट, ओरिजिनल लायसन्स त्याच्या कपाटात ठेवायचं. "घरचेच आहात, पद्धत म्हणून." दाजी म्हणाले, "घरच्यांचं लायसन्स घरीच राहू द्या."

नवीन ड्रायव्हर पोरांनो, कोणी विचारलेलं नाही तरी सांगतो. ओरिजिनल कागद कोणाला देऊ नका. आता मोबाइलमध्ये डिजिलॉकर आहे, झेरॉक्स आहे. आणि मालक तुमचं लायसन्स बघतो तसं तुम्ही त्याच्या गाडीचं फिटनेस, इन्शुरन्स, परमिट एमपरिवहन ॲपवर बघा. दोन मिनिटं लागतात. ज्याला याचा राग येतो, त्याची गाडी धरू नका. पाणी जास्त प्या, हायवेवर मूतखड्याने माणसं आडवी होतात.

आम्ही ज्यांची गाडी धरली ते निवृत्त मास्तर. एकच सतरा फुटी, हप्ते फिटलेले, मानेसर आणि तमिळनाडूतल्या होसूरला नियमित माल देणाऱ्या ट्रान्सपोर्टरकडे लावलेली. मास्तरांचा दर शेठपेक्षा बराच कमी. पण डिझेल टाकी टू टाकी. निघताना फुल, आल्यावर फुल, जे लागलं ते मालकाचं. हॉल्टिंग मिळालं तर निम्मं आमचं. गाडी गॅरेजला लागली तर जेवणाचा भत्ता चालू. हे सगळं त्यांनी शाळेच्या फुलस्केपवर, समास सोडून, सही करून दिलं. आम्ही दाजींच्या पद्धतीने गाडी तपासली. दाजींकडे बाभळीचा एक दांडा आहे, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं. प्रत्येक टायरवर तो ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. आतल्या जोडटायरमध्ये हवा कमी असेल तर आवाज बसका येतो. गेज नंतर घेतले, चांगल्या कंपनीचे, पण चहाला थांबलं की दाजी अजूनही दांडाच काढतात. दुसरी वस्तू म्हणजे डिझेल मोजायची पट्टी, घरी केलेली, सागाची, टाकीच्या खोलीप्रमाणे खुणा कोरलेली. काट्यावर त्यांचा कधी विश्वास नव्हता. मास्तरांच्या टाकीत पट्टी घालून बघितली, काटा आणि पट्टी जुळले, तेव्हा दाजी हसले.

पुढची वर्षं चांगली गेली. जीएसटी आला, नाक्यांवरच्या रांगा गेल्या, मास्तरांनी गाडी आम्हालाच विकली, मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं आहे ते २०१९. गाड्यांची विक्री पडली, कारखाने ‘नो प्रॉडक्शन डे’ लावायला लागले. साध्या लाइनच्या बत्तीस फुटी पार्किंगला उभ्या राहिल्या आणि त्यांचे मालक मिळेल त्या भावात एक्सप्रेसचा माल उचलायला लागले. त्यातून आम्ही कसंबसं निघालो असतो. पण शेठने आमचं ‘नाही’ इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

त्याने आमच्या मानेसर लाइनला असा रेट टाकला की त्यात डिझेल आणि टोलसुद्धा निघत नव्हता. त्याला परवडत कसं होतं? कागदावर दोन ड्रायव्हर, गाडीत एकच. कागदावर एक्सप्रेस, वाटेत भिवंडीला थांबून दुसऱ्या तिघांचा पार्ट लोड भरायचा. पोचायला उशीर झाला की टायर फुटल्याचा फोटो पाठवायचा, तोच फोटो. परचेसच्या साहेबांना फक्त रेटचा रकाना दिसतो. आमच्या दोन चांगल्या जोड्या त्याने ॲडव्हान्स देऊन फोडल्या. त्या पोरांवर माझा राग नाही, त्यांच्याही घरी हप्ते होते. पण त्याने ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात बसून, "यांच्या गाड्या वाटेत डिझेल काढतात," असं सांगितलं, ते मी विसरलेलो नाही. ज्या माणसाने सागाची पट्टी कोरून लिटर-लिटर जपलं, त्याच्यावर डिझेलचोरीचा आळ! दाजी दोन दिवस जेवले नाहीत. ताईने मला फोन करून विचारलं, "नक्की काय झालंय?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

त्यात एका कंपनीने चार महिन्यांची बिलं अडवली. एक्सप्रेसमध्ये डिझेल आज रोख, टोल आज रोख, भाडं नव्वद दिवसांनी. फायनान्सवाल्यांची माणसं गेटवर येऊन उभी राहिली. एक गाडी ओढून नेली, दुसरीची तारीख दिली.

तेव्हा भोसरीच्या ताई उभ्या राहिल्या. त्यांचं मोल्डिंगचं छोटं युनिट, मशीन थोड्या, माल वायरिंगच्या रबर ग्रोमेटचा, म्हणजे वायर जाते त्या भोकात बसणाऱ्या रबरी कड्यांचा. मास्तरांच्या काळापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांचा माल कधी दोन क्रेटच्या वर नसायचा, पण ते दोन क्रेट नसले तर पलीकडची लाइन थांबणार. रात्री साडेअकराला फोन आला तरी आधी, "जेवलात का," आणि मग, "गाडी आहे का?" शेठ त्यांच्याकडेही रेट घेऊन गेला होता. ताईंनी मला बोलावून तो कागद दाखवला आणि म्हणाल्या, "माल उशिरा गेला तर शिव्या मला पडतात, त्या शेठला नाही. तुमचा रेट तोच ठेवा." आणि पुढच्या तीन महिन्यांचं अंदाजे भाडं त्या आठवड्यात खात्यावर टाकलं. बिलं नंतर द्या म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं उत्पादन तेव्हा निम्म्यावर आलेलं होतं. दुसऱ्या गाडीची तारीख त्या पैशांनी टळली.

मार्च २०२०च्या लॉकडाउनने सगळेच थांबले, शेठसुद्धा. कारखाने उघडले तेव्हा कोणाकडेच माल शिल्लक नव्हता, प्रत्येकाला सगळं आजच हवं होतं, आणि तिथून आम्ही वर आलो. शेठच्या गाड्या आजही चाकण चौकात दिसतात. लग्नात भेटला की, "काय पाहुणं, बरंय ना," म्हणतो. डिझेलच्या आळाबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही. दाजी म्हणतात सोडून दे. मी सोडलेलं नाही.

आता जोड्या आमच्याकडे ऑफर विचारायला येतात. आम्ही मास्तरांचाच फुलस्केप थोडा वाढवून छापून घेतलाय. डिझेल टाकी टू टाकी, पगार दोघांना सारखा, माल कुठून येतो ते रजिस्टर उघडून दाखवायचं. कधीकधी एखादी जोडी आमचा दर ऐकून शेठकडे जाते. जाऊ देतो.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो एसीचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी कॅबिन सक्तीची झाली, आणि आम्ही एकोणीस फुटी नवी बुक केली आहे. एसी लावला की ॲव्हरेज पडणार. टाकी टू टाकी म्हणजे ते मालकाच्या खात्यावर, म्हणजे आमच्याच. मी म्हटलं, उन्हाळ्यात दिवसा ठीक, पण गाडी उभी असताना रात्रभर इंजिन चालू ठेवून एसी लावायला नको, कुठेतरी मर्यादा लिहू या. दाजी म्हणाले, "मागे झोपणाऱ्याला झोप लागली पाहिजे. लिहायचं नाही." गाडी अजून यायची आहे, फुलस्केपवर ती ओळ आम्ही कोरी ठेवलीय, आणि जेवताना दोघंही तो विषय काढत नाही कारण ताई रागावते.