जळालेल्या दप्तराचा भार कोणावर?

१२ जुलै १९७३ रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असताना, अमेरिकेतील सेंट लुईसजवळ ओव्हरलँड येथे असलेल्या लष्करी सेवा-नोंदींच्या केंद्रीय अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती आटोक्यात यायला जवळपास एक अख्खा दिवस लागला आणि पूर्णपणे विझल्याची घोषणा १६ जुलैला झाली. कारण निश्चितपणे कधीच समजले नाही. या आगीत १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या सेवा-फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यांत होत्या, म्हणजे दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेली भूदलातील बहुतेक सारी माणसे. हवाई दलाच्या बाबतीत तर नशीब वर्णक्रमाने ठरले. सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळातील ज्यांची नावे यादीत ‘हबर्ड’ या आडनावाच्या पुढे येत होती, त्यांच्या सुमारे ७५ टक्के फायली गेल्या आणि त्याआधीची आडनावे असलेले बचावले.

दप्तरांचे जतन हा माझ्या जुन्या कुतूहलाचा विषय असल्यामुळे या आगीविषयी मी बरेच वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी मला आगीपेक्षा तिच्या आधीच्या निर्णयांचेच अधिक आश्चर्य वाटते. १९५६ साली पूर्ण झालेल्या त्या प्रचंड इमारतीत नोंदी ठेवण्याच्या जागेत पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते, कारण पाण्याने कागद खराब होतात, ही भीती त्या काळच्या अभिलेखपालांत मोठी होती. आग पसरू न देणाऱ्या मधल्या भिंतीही नव्हत्या. शेवटी जे वाचले, ते अग्निशामक दलाच्या पाण्याने भिजूनच वाचले. भिजलेले गठ्ठे दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून मॅक्डॉनल डग्लस या विमान बनवणाऱ्या कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवण्यात आले आणि अशा प्रयत्नांतून सुमारे ६५ लाख फायली, काठांनी करपलेल्या का होईना, हाती लागल्या. मात्र जळालेल्या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रफिती (मायक्रोफिल्म) नव्हत्या आणि अनुक्रमणिकाही नव्हती, त्यामुळे नेमके काय गेले याची पूर्ण यादी आजही करता येत नाही.

अभिलेखागाराच्या दृष्टीने ही कागदांची हानी होती, परंतु माजी सैनिकाच्या दृष्टीने ती पुराव्याची हानी ठरली. अमेरिकेत सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई मागताना साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज काही व्याधी आहे, सेवेत असताना काही दुखापत, आजार किंवा घटना घडली होती, आणि या दोहोंचा परस्परसंबंध आहे. पहिली गोष्ट आजचा डॉक्टर तपासून सांगतो आणि तिसरीवरही वैद्यकीय मत मिळवता येते. अडते ते दुसऱ्या गोष्टीपाशी, कारण तिचा आधार सेवाकाळातील वैद्यकीय नोंद हाच असतो आणि त्या काळात ती नोंद सैनिकाच्या सेवा-फायलीतच ठेवली जात असे. शिवाय जी घटना घडल्याची खात्री नाही तिच्याशी असलेल्या संबंधाविषयी डॉक्टरही ठामपणे लिहू शकत नाही, त्यामुळे मधला दुवा निखळला की तिसराही ढिला पडतो.

कायदा येथे अगदीच निष्ठुर आहे असे नाही. अनुकूल आणि प्रतिकूल पुरावा जवळपास समतोल असेल, तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला द्यावा, हे तत्त्व कायद्यातच लिहिलेले आहे. सरकारच्या ताब्यातील नोंदी नष्ट झाल्या असतील, तर निर्णयाची कारणे अधिक काळजीपूर्वक देण्याचे आणि या तत्त्वाचा विचार करण्याचे वाढीव कर्तव्य शासनावर येते, असे माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अपील न्यायालयाने १९९१ साली सांगितले. त्या काळातली वैद्यकीय नोंद नाही, एवढ्याच कारणावरून सैनिकाचे किंवा त्याच्या सोबत्याचे कथन अविश्वसनीय ठरवता येणार नाही, असेही त्याच्या वरच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले. पण त्याच वर्षी त्याच न्यायालयापुढे खरा प्रश्न आला: नोंदी सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाल्या, तर अपंगत्व सेवेमुळेच आले असे गृहीत धरावे काय? न्यायालयाने नकार दिला. विचार अधिक काळजीपूर्वक होईल, पण सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच राहील.

या नकारामागचा युक्तिवाद मला समजतो. कोट्यवधी फायली गेल्या असताना सरसकट गृहीतक मान्य केले, तर वयपरत्वे येणारी प्रत्येक पाठदुखी युद्धाच्या खात्यावर लिहिली जाईल. तरीही तो मला पुरता पटत नाही. जिथे संसदेला करावेसे वाटले, तिथे तिने गृहीतके केलीच आहेत. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी वनस्पतिनाशकासाठी १९९१ साली आणि इराक-अफगाणिस्तानातील कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरासाठी २०२२ साली कायदे झाले, आणि ठरावीक ठिकाणी सेवा केलेल्यांना ठरावीक व्याधी झाल्यास त्यांचे मूळ सेवेतच मानले जाऊ लागले. ज्याने प्रत्यक्ष शत्रूशी लढाई केली, त्याचे कथन त्या लढाईच्या परिस्थितीशी जुळत असेल, तर अधिकृत नोंद नसतानाही ते पुरेसे मानावे, असेही कायदा सांगतो. मात्र ही सवलत घटनेपुरती आहे, व्याधीशी असलेल्या संबंधाचा प्रश्न तिने सुटत नाही. शिवाय आघाडीच्या मागे ट्रक चालवणारा, तोफगोळ्यांच्या पेट्या उचलणारा किंवा विमानाच्या इंजिनापाशी वर्षानुवर्षे उभा राहणारा मेकॅनिक तिच्या बाहेर राहतो. ज्याची फाइल सरकारी इमारतीत जळाल्याचे सरकारच लेखी कळवते, अशा दावेदारापुरती ही सवलत वाढवण्यात मला काही धोका दिसत नाही.

तोपर्यंत पर्यायी कागद शोधणे हाच मार्ग उरतो, आणि ते काम चिकाटीचे आहे. तुकडीच्या दैनिक अहवालात, ज्याला ‘मॉर्निंग रिपोर्ट’ म्हणत, कोण आजारी पडून इस्पितळात गेला आणि कोण परतला, याची ओळ असे, पण ती शोधायची तर तुकडीचे नेमके नाव आणि घटनेचा अंदाजे काळ सांगता यावा लागतो. अभिलेखागाराचा १३०५५ क्रमांकाचा अर्ज हीच माहिती विचारतो, आणि नव्वदीच्या वृद्धाला आपली तुकडी व तो महिना आठवेलच, असे तो धरून चालतो. १९८८ साली आणखी एक अनपेक्षित साठा पुढे आला. १९४२ ते ४५ आणि १९५० ते ५४ या वर्षांतील इस्पितळ-भरतीची माहिती भूदलाच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने केवळ आकडेवारीसाठी सांकेतिक रूपात नोंदवली होती. तिच्यात नावे नाहीत, सेवा क्रमांक आहेत, आणि ती सर्वांचीही नाही, पण ज्याचा क्रमांक सापडतो त्याच्यासाठी निदानाची एक ओळसुद्धा मोलाची असते.

खासगी कागदांचेही महत्त्व मोठे आहे. आघाडीवरून घरी लिहिलेली पत्रे, सेवामुक्तीनंतर लगेच नोकरीसाठी किंवा विम्यासाठी झालेली शारीरिक तपासणी, औषधांच्या चिठ्ठ्या, छायाचित्रे आणि सोबत्यांची शपथपूर्वक निवेदने विचारात घेतली जातात. यांपैकी सोबत्यांचे निवेदन मला सर्वांत नाजूक वाटते, कारण तो पुरावा माणसाच्या आयुष्याइतकाच टिकतो. एक विसंगतीही सांगितली पाहिजे: आगीपूर्वी दाव्याच्या कामासाठी ज्यांचे कागद माजी सैनिक विभागाकडे पाठवले गेले होते, त्यांचे ते कागद त्या रात्री इमारतीत नव्हते. ज्यांनी तक्रार न करता दिवस काढले, त्यांच्या फायली मात्र कपाटात राहिल्या.

हे सारे जुन्या काळाचे आहे, असेही म्हणता येत नाही. इराक आणि अफगाणिस्तानात अनेक तुकड्यांच्या मैदानी नोंदी नीट जपल्या गेल्या नाहीत किंवा संगणकांवरून पुसल्या गेल्या, आणि ज्या स्फोटाच्या धक्क्याचे परिणाम वर्षांनंतर जाणवतात त्याची नोंद पुन्हा साक्षीदारांच्या आठवणीतून उभी करावी लागली.

ज्यांच्या घरात असा जुना, नाकारलेला दावा आहे, त्यांनी नकाराचे पत्र फेकू नये. निर्णयाच्या वेळी अस्तित्वात असलेली, पण फायलीत नसलेली अधिकृत सेवा-नोंद नंतर मिळाली, तर माजी सैनिक विभागाला त्या दाव्याचा फेरविचार करावा लागतो, आणि भरपाई पूर्णतः किंवा अंशतः त्या नोंदीच्या आधारे मंजूर झाली, तर ती लागू होण्याची तारीख मूळ दाव्यापर्यंत मागे जाऊ शकते. करपलेल्या पानांवरील मजकूर वाचण्याचे काम अभिलेखागारात अजूनही चालू आहे.