ट्यूलिपच्या वावरातून आलेला फोन

मी कर्वे रोडवरच्या एका छोट्या टूर ऑफिसात आहे, ग्रुपशिवाय स्वतःचं स्वतः फिरणाऱ्यांचं प्लॅनिंग माझ्याकडे असतं. मागच्या थंडीत कोथरूडचे एक काका-काकू आले, दोघं रिटायर्ड, हॉलंडचे ट्यूलिप बघायचेत पण तिकडे गाडी चालवणं काकांना जमणार नाही आणि ग्रुप टूरमध्ये बागेतून घाईघाईने हाकतात ते काकूंना नको.

मला अशी कामं मनापासून आवडतात, कारण तिथे खरंच गाडी लागत नाही. त्यांना लायडनमध्ये हॉटेल करून दिलं. तिथल्या मेन स्टेशनसमोरून ८५४ नंबरची बस थेट क्यूकेनहॉफ या ट्यूलिप बागेच्या गेटपर्यंत जाते (विमानतळावरून जायचं तर ८५८), बस आणि एन्ट्रीचं एकत्र तिकीट ऑनलाइन मिळतं, फक्त आत जायची वेळ आधी निवडावी लागते. ट्रेनला तर आपलं कॉन्टॅक्टलेस कार्डच चढताना-उतरताना टॅप करायचं.

पण माझ्याकडे येणारे बरेच जण बाग आणि शेतं एकच समजतात. क्यूकेनहॉफ ही बाग, ३२ हेक्टरची, दर वर्षी साधारण ७० लाख कंद हाताने लावतात आणि मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत जेमतेम आठ आठवडे उघडी. फोटोत दिसणारे ते रंगांचे लांबच लांब पट्टे म्हणजे शेतकऱ्यांची वावरं, बांधावरून बघायची, आत पाय घालायचा नाही. काकूंना दोन्ही हवं होतं, म्हणून सकाळी हार्लेमकडे जाणारी लोकल, हिलेगोमला उतरून शेतांच्या कडेने चालणं, मग परत लायडन आणि दुपारी बाग असा दिवस बसवला.

एप्रिल संपत आला होता. इथे दुपारचा दीड, तिथे सकाळचे दहा, आणि काकांचा व्हिडिओ कॉल, आवाज एकदम पडलेला. "अगं, फुलं कापून टाकतायत सगळी! सीझन संपला का? एवढा खर्च करून आलो आम्ही." स्क्रीनवर एक मशीन सरीवरून सावकाश चाललेलं आणि त्याच्या मागे चांगल्या उमललेल्या लाल-पिवळ्या फुलांच्या मुंडक्यांचा नुसता सडा. मी सांगायला तोंड उघडलं तोवर काकूंनी फोन घेतला.

काकूंचं माहेर यवतकडचं, निशिगंधाची शेती. त्यांनी कॅमेरा खाली नेला आणि म्हणाल्या, "पानं बघ, एकही तोडलेलं नाही. यांचं पीक फुलाचं नाहीच गं, कंदाचं आहे. फूल झाडावर राहिलं की ते बी धरायला बघतं, ताकद सगळी वर जाते, मुंडकं उडवलं की पानं खालचा कंद पोसत बसतात." मी हेच क्लायंटना नेहमी सांगते, पण बांधावर उभं राहून, पानाला हात न लावता नुसतं बोट दाखवून सांगणाऱ्या काकूंकडून ऐकताना अंगावर काटा आला.

काकांना मी एवढंच सांगितलं की बागेची काळजी करू नका, तिथे कंद थराथरांनी लावतात, लवकर फुलणारे वर आणि उशिराचे खाली, त्यामुळे एक बहर ओसरला की त्याच जागी दुसरा वर येतो. शिवाय आत पवनचक्की आहे, तिच्यावर चढलं की पलीकडची वावरं दिसतात.

संध्याकाळी पवनचक्कीवरून काढलेले फोटो आले, काका हसतायत. परतीच्या बसला मोठी रांग होती पण गाड्या मागोमाग येत होत्या, बसायला जागा मिळाली म्हणे. आणि खाली काकूंचा व्हॉइस मेसेज, की उद्याची ॲमस्टरडॅमची बोट नको, त्या शेतात अजून दोन पट्टे कापायचे राहिलेत, ते बघायला परत जायचंय. बोटीचं बुकिंग मी तिथल्या तिथे कॅन्सल केलं आणि सकाळच्या ट्रेनच्या वेळा पाठवून दिल्या.