बीपीची फाइल

"घरी बीपीची गोळी म्हणूनच सांगितलं आहे नं ताई."

मेडिकल चौकात ऑटोची वाट पाहताना शेजारच्या काकू हळूच बोलल्या. मानसोपचार विभागाची फाइल साडीच्या दुकानाच्या पिशवीत, वरून मेथीची जुडी. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव नखाने खरवडून काढलेलं. झोप लागते, जेवण जातं, बरं वाटतं म्हणाल्या. तरी लपवायचं!

ती खरवडलेली पट्टी दिवसभर डोक्यातून जाईना.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघरी जाऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. त्या १२ राज्यांत आपला महाराष्ट्र नव्हता.

पण असं संशोधन उभं राहतं ते दारात आलेल्या अनोळखी माणसाला कुणीतरी खरं सांगतं म्हणून. काकूंना कुणी विचारलं असतं, तर त्या बीपीच म्हणाल्या असत्या. सासू समोर बसलेली असताना दुसरं काय म्हणणार? मला हेच फार लागलं.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. जवळ असू द्या.

आणि उद्या असं सर्वेक्षण तुमच्या दारात आलं, तर तुमच्या घरातल्या बाईला मोकळेपणी बोलता येईल का?